घरात खरूज आली तर

रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर व बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या असतील आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर खरजेची शंका घ्यावी. तान्ह्या बाळांत ती तळहात, तळपाय व डोक्यावरही उठते आणि घामोळे समजून दुर्लक्षित राहते. त्वचेत बीळ करणारा सूक्ष्म किडा एका पांघरुणात झोपण्याने किंवा वसतिगृहातील दाटीमुळे पसरतो; यात आईवडिलांनी लाजण्यासारखे काहीही नाही.

डॉक्टरांनी 5 टक्के परमेथ्रिनचे मलम दिल्यास ते घरातील सर्वांनी, खाज नसलेल्यांनीसुद्धा, एकाच रात्री लावावे, कारण पहिल्या लागणीत खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात आणि तोवर किडा इतरांकडे जातच असतो. मोठ्यांनी ते मानेपासून तळपायांपर्यंत, नखांखालीदेखील चोळावे, 8 ते 14 तासांनी अंघोळ करावी आणि आठवड्याने पुन्हा लावावे. हात धुतले तर तिथे परत लावायचे, हे हमखास विसरले जाते. बाळांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी डॉक्टरांना विचारूनच लावावे.

त्याच सकाळी चादरी व कपडे कडक गरम पाण्यात धुवावेत. धुता न येणारी गोधडी आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी. उपचारानंतरही खाज 2 ते 4 आठवडे रेंगाळते, म्हणून घाबरून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे मलम कृपया आणू नये; पुटकुळ्यांत पू झाल्यास मात्र लगेच दाखवावे.