व्हिडिओ बोलतोय एक, स्लाइड दाखवतेय दुसरंच: सिंक करताना या चुका टाळा

समजा रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांसाठी कुणीतरी ऑनलाइन लेक्चर बनवलंय. डाव्या बाजूला तज्ज्ञांचा व्हिडिओ, उजव्या बाजूला स्लाइड. साहेब करप्याबद्दल बोलतायत, रोगट पान किंवा पानाचा तेवढा भाग काढून टाका आणि फवारणी घ्या म्हणून, आणि स्क्रीनवर मात्र तोवर हरण्याची म्हणजे सीएमव्हीची (कुकुंबर मोझॅक व्हायरसची) स्लाइड येऊन बसलीय. हरण्या हा व्हायरसचा रोग, तो झालेलं झाड कुठल्या फवारणीनं बरं होत नाही, ते उपटून नष्टच करावं लागतं. आता बघणारा शेतकरी फोटो हरण्याचा बघतोय आणि उपाय करप्याचा ऐकतोय, तो घरी जाऊन पानं कापत बसला तर रोग पूर्ण बागेत पसरेल ना भो. म्हणून स्लाइड दहा-पंधरा सेकंद पुढंमागं झाली तर काय बिघडतं, असं जे लोक म्हणतात त्यांचं मला अजिबात पटत नाही.

व्हिडिओ आणि स्लाइडची वेळ जुळवणारं, म्हणजे सिंक करणारं सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, आत काम साधंच असतं. तुमच्याकडं एक यादी असते, की ० मिनिटाला पहिली स्लाइड, १ मिनिट २० सेकंदाला दुसरी, ३ मिनिट ५ सेकंदाला तिसरी. व्हिडिओ जिथं असेल तिथली स्लाइड दाखवायची, बस. म्हणजे घड्याळ एकच आणि ते व्हिडिओचं. जेवढ्या म्हणून गडबडी होतात त्यातल्या बहुतेक या घड्याळाशी कुणीतरी छेडछाड केल्यामुळं होतात.

सिंक आधी आणि कापाकापी नंतर

ही सगळ्यात कॉमन चूक. चाळीस स्लाइडच्या वेळा बसवून झाल्या, मग कुणीतरी म्हणतं की सुरुवातीला संस्थेचा लोगो टाका, किंवा साहेब माइक नीट करतायत तेवढा भाग उडवा. लोगो आठ सेकंदाचा टाकला की सगळ्या स्लाइड आठ सेकंद आधी यायला लागतात. यूट्यूबवरच्या व्हिडिओची सुरुवात तिथल्याच एडिटरमध्ये ट्रिम केली तर लिंक तीच राहते म्हणून माणूस निवांत असतो, पण आतली वेळ सरकलेली असते. तेव्हा आधी व्हिडिओ पूर्ण फायनल करा, ज्यांचं लेक्चर आहे त्यांना एकदा दाखवून होकार घ्या, आणि मगच स्लाइडच्या वेळा बसवायला घ्या. स्लाइडचंही तसंच आहे. बऱ्याच ठिकाणी वेळ ही स्लाइडच्या नंबरला बांधलेली असते, त्यामुळं मधेच सातव्या नंबरला नवीन स्लाइड घुसवली की आठपासून पुढचं सगळं एकानं सरकतं.

आणि वेळ बसवताना अजून एक, आपण वाक्य ऐकतो आणि मग बटन दाबतो, त्यामुळं प्रत्येक स्लाइड जराशी उशिराच लागते. अर्धा-एक सेकंद आधी लावा. स्लाइड आधी आलेली डोळ्याला चालते, उशिरा आलेली खटकते.

फरक सारखाच आहे का वाढत चाललाय, हे आधी बघा

बिघडलं की लोक डायरेक्ट पहिल्यापासून सगळं परत करायला बसतात. थांबा. पहिल्या पाच मिनिटांतली एक स्लाइड बघा, मधली एक बघा, शेवटची एक बघा, आणि तिन्ही ठिकाणी किती सेकंदाचा फरक पडतोय ते कागदावर लिहा.

तिन्हीकडं फरक सारखाच, म्हणजे समजा आठ-आठ-आठ, तर सुरुवातीला काहीतरी जोडलंय किंवा कापलंय. सगळ्या वेळांमध्ये तेवढेच सेकंद मिळवायचे किंवा वजा करायचे, एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम. सुरुवात बरोबर आणि कुठल्यातरी एका जागेपासून एकदम फरक पडला तर त्या जागी मधला तुकडा कापलाय, तिथून पुढच्याच वेळा बदला.

पण सुरुवातीला शून्य, मधे दोन, शेवटी चार असं हळूहळू वाढत गेलं तर वेळा बदलून काही होणार नाही, फाइलच्या आत भानगड आहे. मोबाइलवर शूट केलेल्या व्हिडिओत हे जास्त होतं. मोबाइल दर सेकंदाला सारख्याच फ्रेम, म्हणजे एकेक चित्रं, घेतो असं नाही, उजेड कमी झाला की तो फ्रेम कमी करतो, याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. नुसता बघायला व्हिडिओ छान चालतो, पण काही एडिटिंग सॉफ्टवेअर फ्रेम मोजून वेळ काढतात आणि तिथं आवाज एकीकडं, चित्र एकीकडं असं व्हायला लागतं. फ्रेम रेट ३० आणि २९.९७ एवढा किरकोळ फरक जरी असला आणि वेळ फ्रेमवर मोजली, तरी तासाभरात ३.६ सेकंद सरकतात. मीडियाइन्फो नावाचं फ्री सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघडली की फ्रेम रेट मोडसमोर व्हेरिएबल का कॉन्स्टंट ते दिसतं. व्हेरिएबल असेल तर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या टॅबवर जाऊन कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडायचा आणि फाइल नव्यानं काढायची, एडिटिंगला हात लावायच्या आधी. हेपण फुकट आहे, वेळ तेवढा जातो.

आता आपल्याकडच्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, पत्र्याच्या वर्गात स्टँडवर लावलेला मोबाइल तासभर रेकॉर्डिंग करत राहिला तर तापतो, फ्रेम सोडतो, नाहीतर मधेच बंद पडतो. सकाळी लवकर उरकून घ्या, आणि वीस-वीस मिनिटांचे भाग करा. कूलर बंद ठेवा म्हणणं जिवावर येतं पण कूलरचा आवाज माइकमध्ये इतका घुसतो की नंतर काढता काढता बोलणंच पुसट होतं, त्यापेक्षा शर्टाला लावायचा साधा वायरचा माइक घ्या.

कॉम्प्युटरवर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरनं रेकॉर्ड करत असाल तर फाइलचा प्रकार साधा एमपी४ घेऊ नका, एमकेव्ही ठेवा. मधेच लाइट गेली तर एमपी४ फाइल उघडतच नाही अशी वेळ येते, एमकेव्हीमध्ये लाइट जाईपर्यंतचं बहुतेक सगळं वाचतं. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतून रीमक्स केलं, म्हणजे फाइलचा नुसता प्रकार बदलला, की एमपी४ मिळते, क्वालिटी कमी होत नाही.

स्लाइडच्या बाजूनं होणारी गडबड

पॉवरपॉइंटमध्ये एकाच स्लाइडवर पाच मुद्दे एकेक करून येतात, ती फाइल अशा सॉफ्टवेअरला दिली की बऱ्याचदा तिचं पीडीएफ नाहीतर फोटो होतं आणि पाचही मुद्दे एकदम दिसतात. बोलणारा पहिल्यावर असतो, बघणारा पाचवा वाचून मोकळा. अॅनिमेशन काढून टाका आणि त्या स्लाइडच्या पाच कॉप्या करा, प्रत्येकीत एक मुद्दा वाढवत न्या. नंबर वाढतात, पण प्रत्येक मुद्द्याला स्वतःची वेळ देता येते, मला तर हीच पद्धत जास्त आवडते.

मराठी फॉन्टचं दुखणं वेगळंच. अजून कितीतरी सरांकडं जुन्या कृतिदेव, शिवाजी फॉन्टमधल्या स्लाइड आहेत, त्या अपलोड केल्या की सगळी अक्षरं इंग्रजी कचरा होऊन जातात, कारण तो फॉन्ट समोरच्या सर्व्हरवर नसतो. कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांत आणणं, नोटो सान्स देवनागरी फुकट मिळतो, तो वापरा. तेवढा वेळ नसेल तर तुमच्याच कॉम्प्युटरवर पीडीएफ काढा आणि मराठी नीट दिसतंय का ते बघून तीच अपलोड करा.

पॉवरपॉइंटमध्येच आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी: एक स्लाइड जाऊन दुसरी येते त्या ट्रान्झिशनच्या वेळात पॉवरपॉइंट आवाज घेतच नाही. म्हणून वाक्याचा शेवटचा शब्द गिळल्यासारखा होतो. वाक्य पूर्ण करा, थोडं थांबा, मग पुढची स्लाइड घ्या, आणि ती पूर्ण दिसली की बोला.

स्वतः वेबपेज बनवणाऱ्यांनो

कॉलेजची पोरं प्रोजेक्ट म्हणून हे बनवतात, चांगली गोष्ट आहे, पण स्लाइड बदलायला वेगळा टायमर लावतात आणि तिथंच फसतं. धडगाव-अक्कलकुव्याकडं नेट अडकलं, व्हिडिओ गोल गोल फिरत थांबला, तरी तो टायमर पळतच राहतो. क्रोममध्ये २०१८ पासून आवाजाचा व्हिडिओ बहुतेक वेळा क्लिक केल्याशिवाय आपोआप सुरू होत नाही, तेव्हा पेज उघडल्याबरोबर टायमर सुरू केला तर बघणारा प्ले दाबेपर्यंत दोन स्लाइड निघून गेलेल्या असतात. टायमर काढा, व्हिडिओचाच करंट टाइम, म्हणजे तो आत्ता कितव्या सेकंदाला आहे ते विचारा. तोही बरोबर ७५ सेकंद झाला का असं तपासू नका, कारण तो आकडा कधी ७४.९ येतो आणि पुढचा थेट ७५.१, नेमका ७५ येतच नाही. ज्या स्लाइडची सुरुवातीची वेळ आत्ताच्या वेळेइतकी किंवा तिच्या आधीची आहे अशी शेवटची स्लाइड दाखवा. असं केलं की कुणी व्हिडिओ ओढून मागं नेला तरी स्लाइड बरोबर येते. वेळांची फाइल वेबव्हीटीटी असेल तर मिलिसेकंदाच्या आधी टिंब लागतं, एसआरटीमध्ये स्वल्पविराम असतो (दोन्ही सबटायटलच्या फाइलचे प्रकार), एकाची दुसऱ्यात तशीच चिकटवली की काहीच चालत नाही आणि एररपण दिसत नाही.

माझ्याकडं तर दिसतंय!

व्हिडिओ यूट्यूबवर प्रायव्हेट ठेवलाय आणि तुम्ही तुमच्याच लॉगिनमधून बघताय, मग दिसणारच. अनलिस्टेड करा (लिंक असेल त्याला दिसतो), एम्बेड करायची म्हणजे दुसऱ्या पेजवर दाखवायची परवानगी चालू आहे का बघा, आणि इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे लॉगिन नसलेल्या खिडकीत उघडून तपासा. यूट्यूबवर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसेल तर अकाउंट व्हेरिफाय करायचं राहिलंय.

मग तीच लिंक एखाद्या साध्या, छोट्या स्क्रीनच्या मोबाइलवर, उभा धरून, मोबाइल डेटावर उघडा, कारण बघणारा शेतात बांधावर उभा राहून असाच बघणार आहे. व्हिडिओ आणि स्लाइड दोन्ही सारख्याच आकाराचे ठेवले तर स्लाइडवरचं औषधाचं प्रमाण वाचताच येत नाही. बोलणाऱ्याचा चेहरा छोटा करा, स्लाइड मोठी ठेवा, एका स्लाइडवर चार-पाच ओळींच्या वर नको.

आणि वेळांची यादी फक्त त्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका. अॅडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ-अॅनिमेशन चालवणारं सॉफ्टवेअर, बंद केलं तेव्हा फ्लॅशवर बनवलेली लेक्चर्स ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. मूळ व्हिडिओ, स्लाइडची पीडीएफ आणि वेळांची साधी टेक्स्ट फाइल, तिन्ही एका फोल्डरमध्ये, पेनड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर दोन्हीकडं. फोल्डरच्या नावात तारीख टाका आणि टेक्स्ट फाइलच्या पहिल्या ओळीत लिहा की या वेळा कुठल्या व्हिडिओ फाइलच्या आहेत आणि ती एकूण किती मिनिटं-सेकंदांची आहे.