कुर्दांवर अत्याचार झाले की बाकीची सरकारं नक्की काय करतात, ते कसं तपासायचं

तुर्कस्तान, इराण, इराक, सिरिया, यातल्या कुठेतरी कुर्दांवर काहीतरी होतं, गावं रिकामी केली जातात, निवडून आलेले नेते आत टाकले जातात, आंदोलकांवर गोळ्या चालतात, आणि दुसऱ्या दिवशी अमुक देशाने चिंता व्यक्त केली अशी दोन ओळींची बातमी येते. बहुतेक लोक तिथेच थांबतात. पण त्या चिंतेमागे काही आहे की नाही हे घरबसल्या तपासता येतं, बरीचशी कागदपत्रं नेटवर उघडी पडलेली असतात, फक्त कुठे बघायचं आणि कुठल्या क्रमाने बघायचं ते माहीत पाहिजे. मी जसं बघतो तसं लिहितोय.

सगळ्यात आधी अत्याचार करणारा कोण आहे आणि तो बोलणाऱ्या सरकारचा मित्र आहे की शत्रू, हे कागदावर लिहून घ्या. साडेतीन-चार कोटींच्या आसपास कुर्द लोक आहेत, त्यांचा स्वतःचा देश नाही, १९२० च्या सेव्र करारात स्वायत्ततेची आणि पुढे स्वातंत्र्याची वाट ठेवली होती ती १९२३ च्या लोझान करारात पुसली गेली, आणि तेव्हापासून ते चार देशांत वाटले गेलेत. त्यामुळे कुर्दांबद्दल कुठल्याच देशाचं एकच असं धोरण नसतं, तुर्कस्तानातल्या कुर्दांबद्दल एक, इराणमधल्या कुर्दांबद्दल दुसरं असं असतं. हे समजायला इराकमधलं हलब्जा हे कुर्द गाव पुरेसं आहे. १६ मार्च १९८८ ला सद्दामच्या फौजेने त्या गावावर विषारी वायू टाकला, सुमारे ५,००० माणसं मेली, बायका, पोरं, म्हातारी सगळी. तेव्हा सद्दाम इराणशी लढत होता आणि बऱ्याच देशांना तो हवा होता. मे महिन्यात सुरक्षा परिषदेचा ठराव ६१२ आला, त्यात रासायनिक शस्त्रांचा निषेध आहे पण इराकला एकट्याला दोषी धरलेलं नाही, दोन्ही बाजूंनी ही शस्त्रं वापरू नयेत असं म्हटलंय, आणि मेलेले लोक कुर्द होते हे तर त्यात कुठेच नाही. अमेरिकेच्या सिनेटने त्या सप्टेंबरात इराकवर निर्बंध घालणारं बिल पास केलं, रेगन सरकारने त्याला विरोध केला आणि त्याचा कायदा झालाच नाही. आता तीन वर्षं पुढे या. १९९१, सद्दामने कुवेत घेतलेलं, तो आता शत्रू. कुर्दांचा उठाव त्याने चिरडला, लाखो लोक बर्फातून तुर्कस्तान आणि इराणच्या सीमेकडे पळाले, आणि ५ एप्रिलला ठराव ६८८ आला ज्यात इराकचं नाव आहे, दडपशाहीचा निषेध आहे, कुर्द भागाचा स्पष्ट उल्लेख आहे. मारणारा तोच, मरणारेही तेच, तीन वर्षांत भाषा एवढी बदलली. म्हणून म्हणतो की आधी मित्र-शत्रूचा रकाना भरा, पुढचं निम्मं त्यातूनच कळतं.

मग निवेदनाचा मूळ मजकूर शोधा, बातमी नाही, परराष्ट्र खात्याच्या साइटवरचं मूळ निवेदन. त्यात दोनच गोष्टी बघा, करणाऱ्याचं नाव घेतलंय का आणि ज्यांच्यावर झालं त्यांचं नाव घेतलंय का. उदाहरण आपल्याच सरकारचं घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये तुर्कस्तानने ईशान्य सिरियात फौज घुसवली तेव्हा भारताने चांगलं कडक निवेदन काढलं होतं, तुर्कस्तानचं नाव घेऊन एकतर्फी लष्करी कारवाई म्हटलं, संयम पाळा म्हटलं, सिरियाच्या सार्वभौमत्वाचा आणि अखंडतेचा आदर करा म्हटलं. पण कुर्द हा शब्द त्यात नाही. म्हणजे ते निवेदन सीमेबद्दल होतं. त्यात गैर काही नाही, आपल्याला सार्वभौमत्वाचा मुद्दा जवळचा आहे, पण भारत कुर्दांच्या बाजूने उभा राहिला असं कोणी फॉरवर्ड केलं तर ते खरं नाही एवढं कळायला हवं.

मतदान बघायला विसरू नका, कारण हात वर करावा लागतो तेव्हा गोलमोल बोलता येत नाही. ठराव ६८८ ला १० मतं बाजूने, क्यूबा, येमेन आणि झिम्बाब्वे विरोधात, आणि चीन व भारत तटस्थ. साक्केझ गावची कुर्द मुलगी महसा झीना अमिनी १६ सप्टेंबर २०२२ ला तेहरानमध्ये पोलीस कोठडीनंतर वारली, देशभर आंदोलन पेटलं, कुर्द शहरांवर फार कठोर कारवाई झाली, आणि २४ नोव्हेंबरला जिनिव्हात मानवाधिकार परिषदेत सत्यशोधन समिती नेमायचा ठराव आला. २५ बाजूने, ६ विरोधात, १६ तटस्थ, भारत पुन्हा तटस्थ. आणि ठराव म्हणजे नुसता कागद असतो असं समजू नका, त्याच समितीने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला की महसाच्या मृत्यूला कोठडीतली मारहाण कारणीभूत होती आणि त्याची जबाबदारी इराण सरकारची आहे. असा अहवाल उद्या कुठल्या कोर्टात पुरावा म्हणून उभा राहू शकतो, म्हणून मतदान महत्त्वाचं.

आता शस्त्रं. इथे जास्त वेळ द्या कारण खरं काय ते इथेच दिसतं. त्याच ऑक्टोबर २०१९ ला जर्मनी, फ्रान्स आणि आणखी काही युरोपीय देशांनी तुर्कस्तानला शस्त्रं देणं थांबवतो असं जाहीर केलं आणि हेडलाइन आली की युरोपची शस्त्रबंदी. नीट वाचलं तर युरोपियन युनियनने एकत्र बंधनकारक बंदी घातलीच नव्हती, प्रत्येक देशाने आपापलं बघायचं असं ठरलं, आणि जर्मनीची घोषणा होती ती सिरियात वापरता येतील अशा शस्त्रांच्या नव्या परवान्यांबद्दल. म्हणून शस्त्रांची बातमी आली की तीन प्रश्न विचारायचे, फक्त नवे परवाने थांबले की जुन्या ऑर्डरी पण, सगळी शस्त्रं की काही ठराविक, आणि कधीपर्यंत. त्याच्या आदल्या वर्षी सिरियातल्या अफरीन या कुर्द भागात तुर्कस्तानने जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे वापरले होते, ते आधीच विकलेले होते, त्यामुळे नवे परवाने थांबवून तिथल्या लोकांना काय मिळणार होतं हे तुम्हीच बघा.

या सगळ्याचं एक सलग उदाहरण म्हणून स्वीडन घ्या, तारखा एकाखाली एक लिहा म्हणजे चित्र उभं राहतं. डिसेंबर २०१२ मध्ये स्वीडनच्या संसदेने अन्फाल मोहीम, म्हणजे सद्दामने १९८८ मध्ये कुर्द गावं पुसून टाकली ती, वंशसंहार म्हणून मान्य केली. २०१९ ला तुर्कस्तानला शस्त्रं थांबवली. नोव्हेंबर २०२१ ला तर मॅग्डालेना अँडरसन यांना पंतप्रधान व्हायला एकेक मत हवं होतं आणि इराणी कुर्द वंशाच्या अपक्ष खासदार अमीने काकाबावेह यांचं मत मिळवण्यासाठी सत्ताधारी पक्षाने सिरियातल्या कुर्दांच्या पीवायडी पक्षाशी सहकार्य वाढवायचं लेखी मान्य केलं. मग फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला, स्वीडनला नाटोत जायचं होतं, आणि नाटोत प्रत्येक सभासदाची संमती लागते म्हणजे तुर्कस्तानचीही. २८ जून २०२२ ला माद्रिदमध्ये स्वीडन, फिनलंड आणि तुर्कस्तानने त्रिपक्षीय मेमोरँडमवर सह्या केल्या, त्यात पीवायडी आणि त्यांच्या वायपीजी फौजेला पाठिंबा देणार नाही असं आहे, आपसात शस्त्रबंदी नाही असंही आहे. ३० सप्टेंबरला स्वीडनने तुर्कस्तानला लष्करी साहित्याची निर्यात पुन्हा मंजूर केली. नोव्हेंबरात नवे परराष्ट्रमंत्री टोबियास बिलस्ट्रॉम म्हणाले की आम्ही या संघटनांपासून अंतर ठेवलं पाहिजे. एका वर्षात हे सगळं. ७ मार्च २०२४ ला स्वीडन नाटोत गेला. त्यांना रशियाची भीती होती हे मला समजतं, भीती खरीच होती, पण सहकार्य वाढवू म्हणून ज्यांना लिहून दिलं होतं त्यांना याची किंमत मोजावी लागली आणि ते लोक आयसिसशी लढताना हजारोंनी मेलेले होते, हे मला फार लागतं.

संसद आणि सरकार वेगळे धरा, यात फार लोक फसतात. २८ फेब्रुवारी २०१३ ला ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने कुर्दांचा वंशसंहार मान्य करणारा प्रस्ताव मंजूर केला, पण वंशसंहार झाला की नाही हे कोर्टाने ठरवायचं हीच सरकारची भूमिका राहिली. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने १६ ऑक्टोबर २०१९ ला ३५४ विरुद्ध ६० मतांनी सिरियातून अमेरिकी फौजेच्या माघारीला विरोध नोंदवला, माघार काही त्याने टळली नाही. कोर्टाचंही तसंच. बेल्जियमच्या सर्वोच्च कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये पीकेकेच्या, म्हणजे तुर्कस्तानशी लढणाऱ्या सशस्त्र कुर्द संघटनेच्या, खटल्यात निकाल दिला की हा सशस्त्र संघर्ष आहे, दहशतवादाचा कायदा इथे लागू होत नाही, आणि बेल्जियमच्या सरकारने लगेच सांगितलं की आमच्या लेखी पीकेके दहशतवादी संघटनाच आहे.

पीकेकेचा विषय निघालाच आहे तर हेही लक्षात ठेवा की निवेदनात कुर्द लोक, कुर्द पक्ष आणि कुर्द लढवय्ये यांची सरमिसळ होते का. अमेरिकेने १९९७ पासून पीकेकेला दहशतवादी यादीत ठेवलंय, युरोपियन युनियनने २००२ पासून, आणि त्याच अमेरिकेने २०१४ मध्ये सिरियातल्या कोबानी या कुर्द शहराच्या लढाईत वायपीजीच्या मदतीला विमानातून शस्त्रं टाकली, जिला तुर्कस्तान पीकेकेचंच अंग मानतं. (पीकेकेने स्वतः मे २०२५ मध्ये संघटना विसर्जित करायची घोषणा केली, त्यामुळे जुने लेख वाचताना तारीख बघा.) ज्या सरकारला विषय टाळायचा असतो ते शाळेत कुर्दी भाषा मागणाऱ्या मास्तराला आणि बंदूकवाल्याला एकाच वाक्यात बसवतं. तसंच मानवाधिकार आणि वेगळा देश हेही दोन प्रश्न आहेत. २५ सप्टेंबर २०१७ ला इराकी कुर्दिस्तानात सार्वमत झालं, ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला हो म्हटलं, आणि अमेरिका, ब्रिटन, जे पेशमर्गांना, म्हणजे इराकी कुर्दांच्या फौजेला, मदत करत होते, त्यांचाच सार्वमताला विरोध होता. ते धोरण तुम्हाला पटो न पटो, ते वेगळ्या पानावर लिहा.

निर्बंधांचं झटपट सांगतो, कोणावर आणि किती दिवस एवढंच बघायचं. १४ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेने तुर्कस्तानच्या दोन मंत्रालयांवर आणि तीन मंत्र्यांवर निर्बंध घातले, २३ ऑक्टोबरला काढून टाकले, नऊ दिवस. त्याउलट युरोपियन युनियनने १७ ऑक्टोबर २०२२ ला इराणच्या नैतिकता पोलिसांवर आणि त्यांच्या अधिकाऱ्यांवर घातलेले निर्बंध ज्या यादीत आहेत तिचं दरवर्षी एप्रिलमध्ये नूतनीकरण करावं लागतं, म्हणजे दर एप्रिलला कोण राहिलं कोण गळलं ते तपासायची संधी मिळते.

आश्रयाची बाजू कोणी फारशी बघत नाही पण मला ती सगळ्यात प्रामाणिक वाटते. आश्रय मागणाऱ्यांच्या अर्जावर निर्णय घ्यायला बरीच सरकारं त्या-त्या देशाच्या परिस्थितीवर टिपणं तयार करतात, ब्रिटनचं गृहखातं ती जाहीर करतं, ती शोधून वाचा, आणि मग तेच सरकार बाहेर काय बोलतं ते शेजारी ठेवा. जर्मनीत १९ जानेवारी २०२३ ला संसदेने आयसिसने याझिदींवर केलेला अत्याचार वंशसंहार म्हणून एकमताने मान्य केला. याझिदी हा वेगळा धर्म पाळणारा छोटा समाज आहे, ते बहुतेक कुर्मांजी ही कुर्दी बोली बोलतात, काही स्वतःला कुर्द म्हणवतात, काही नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. पण त्याच वर्षी जर्मनीतून याझिदींना इराकला परत पाठवणं सुरू होतं, मग डिसेंबरात नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने याझिदी बायका आणि मुलांपुरती तीन महिन्यांची स्थगिती दिली. संसदेत उभं राहून श्रद्धांजली वाहायची आणि त्याच माणसांना विमानात बसवायचं, हे दोन्ही एका वहीत आल्याशिवाय दिसत नाही.

मुळात काय घडलं याची माहिती कुठून घ्यायची तर एकाच ठिकाणाहून घेऊ नका. इराणमधल्या कुर्द भागासाठी हेंगाव ही नॉर्वेतून काम करणारी संस्था आहे, इराकसाठी एर्बिलचं रुदाव चॅनेल आहे पण ते इराकी कुर्दिस्तानातल्या सत्ताधारी बारझानी घराण्याच्या पक्षाच्या जवळचं आहे हे धरून वाचा. तुर्कस्तानसाठी युरोपियन मानवाधिकार कोर्टाचे निकाल सगळ्यात पक्के. तिथले कुर्द नेते सेलाहत्तिन देमिर्ताश यांना नोव्हेंबर २०१६ ला पकडलं, २२ डिसेंबर २०२० ला युरोपियन कोर्टाच्या ग्रँड चेंबरने, म्हणजे सगळ्यात मोठ्या खंडपीठाने, ताबडतोब सोडा म्हटलं, सोडलं नाही, मे २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या कोर्टाने ४२ वर्षांची शिक्षा सुनावली. असे निकाल पाळले जातात की नाही हे बघायला कौन्सिल ऑफ युरोपच्या, म्हणजे हे कोर्ट ज्या संघटनेचं आहे तिच्या, मंत्र्यांची समिती वर्षातून चारदा बसते आणि तिचे निर्णय साइटवर येतात, त्यात सदस्य देश किती जोर लावतात ते कळतं.

एवढं जमवलं की आपल्या खासदाराला किंवा परदेशात राहत असाल तर तिथल्या लोकप्रतिनिधीला लिहा, पण कुर्दांसाठी काहीतरी करा असं मोघम लिहू नका, त्याला मोघमच उत्तर येतं. एकच घटना घ्या, तारीख टाका आणि उत्तर हो किंवा नाहीत द्यावं लागेल असं विचारा, जसं की या कारवाईनंतर जुन्या परवान्यांवरची शस्त्रं गेली का, अमुक ठरावावर तटस्थ राहायचं कारण लेखी नोंदवलंय का, या भागातल्या लोकांना परत पाठवणं थांबवलंय का. शस्त्रांच्या निर्यातीचा प्रत्येक अर्ज वेगळा तपासला जातो असं छापील उत्तर आलं तर सोडून देऊ नका, सरकारचाच वार्षिक निर्यात अहवाल उघडा, त्यातला त्या देशाचा आकडा पान नंबरसकट टाका आणि तोच प्रश्न परत पाठवा.