विशेष मुलांसाठी मदतनीस नेमताय? या चुका टाळा

जून उजाडला की फोन सुरू. "ताई, आमच्या पोरासाठी वर्गात बसायला एक मावशी बघून द्या, सोमवारपासून." अहो, चादर घ्यायची तरी सोलापूरकर चार दुकानं पालथी घालतो!

सगळ्यात महागात पडते ती मदतनीसाची अति माया. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसलेला, तिसरीतला एक मुलगा होता. त्याची मावशी गुणाची. डबा उघडणार, घास भरवणार, बाटलीचं झाकण काढून तोंडाशी धरणार. आईवडील खूश, बाई खूश आणि खरं सांगायचं तर मीही खूश. जानेवारीत गड्डा यात्रा आली, मावशीच्या घरी पाहुणे, चार दिवस दांडी. पहिल्याच दुपारी मी वर्गात डोकावले तर बाटली काठोकाठ भरलेली आणि पोराचे ओठ सुकलेले. पाणी मागितलंसुद्धा नव्हतं त्यानं. मागायची वेळच कधी आली नव्हती ना! झाकण त्याला स्वतःला फिरवता येतं, हे आम्हाला फेब्रुवारीत कळलं.

तेव्हापासून नव्या मदतनीसाला पहिला आठवडा मी हात मागे बांधून बसवते. मनात दहा आकडे मोजायचे. मग नजरेनं दाखवायचं, मग बोटानं, मग एक शब्द. हाताला हात अगदी शेवटी. चारवर आल्या की बायकांचे हात शिवशिवतात. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन आलेल्यांचे तर दोनवरच.

दुसरी चूक खास आपल्या गावची. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. एका मुलीच्या वहीत 'सूचना पाळत नाही' असा शेरा महिनाभर पडत होता. बदली आलेली मदतनीस पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातली. ती "रा" म्हणाली, पोरगी आली. "कूर्चो" म्हणाली, बसली. पोरीला सूचना कळत होत्या, मराठी कळत नव्हती. पदवीधर पण घरची भाषा न येणारी, आणि दहावी पास पण येणारी, अशा दोघी समोर असतील तर मी दुसरीला घेते. कुणाला पटो न पटो.

फिट आली की कांदा हुंगवणं, तोंडात चमचा घालणं बंद करा. मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

मदतनीसाकडून शिकवण्याचा आराखडा लिहून घेऊ नका. ते काम विशेष शिक्षकाचं, आणि त्याला १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

पोलीस पडताळणी झाल्याशिवाय मुलाला शौचालयात कुणाच्या हवाली करू नका, मग ती ओळखीच्यांची ओळखीची असली तरी.

पगार दहा तारखेच्या पुढे ढकलाल, तर दिवाळीनंतर मावशी परत येणार नाही. मग मला फोन करू नका.

मुलाखत मी घेतच नाही. डब्याच्या सुट्टीत उमेदवाराला मुलाशेजारी बसवते आणि दारात उभी राहते. डब्याच्या झाकणाकडे आधी हात कुणाचा जातो, तेवढंच बघते.