घासून चकाचक केलेल्या पत्र्याचं आयुष्य कसं काढायचं?

संध्याकाळी माझ्याकडे सोलापुरात होटगी रोडला शिकायला येणारी मेकॅनिकलची पोरं हटकून विचारतात, "सर, विमानाच्या पत्र्यावरचा गंज घासून काढला, प्राइमर मारला, पत्रा नव्यासारखा दिसतोय. मग आयुष्य कमी का धरायचं?" हवाई दलात मी एअरफ्रेमच्या, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या आणि पत्र्याच्या, दुरुस्तीत होतो, नंतर डिझाइनवाल्यांसोबत बसून हेच हिशोब केले. ते कसे मांडायचे, ते इथे लिहितो. विमान उडणार की नाही हे उत्पादकाचं दुरुस्ती मॅन्युअल ठरवतं. त्यातल्या मर्यादा तशा का आहेत, ते या हिशोबातून कळतं.

आधी गंज नीट ओळखा. सोलापूरच्या कोरड्या हवेत ॲल्युमिनियमचा उघडा पत्रा महिनोन्महिने तसाच राहतो, त्यामुळे आपल्या पोरांनी हा गंज फारसा पाहिलेलाच नसतो. खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या विमानाची गोष्ट वेगळी. ७०७५-टी६ या विमानात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत गंज कणांच्या सीमांवरून, पृष्ठभागाला समांतर आत शिरतो आणि खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून रिव्हेटच्या ओळीवर आडवा प्रकाश टाका. दोन रिव्हेटच्या मधे पत्रा किंचित फुगलेला दिसला, तर जोडाच्या आत गंज साचलाय असं समजा. आतली पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेते आणि पत्रा उचलते.

घासून झालं की १० पटीच्या भिंगातून आणि एडी करंटने (विजेच्या प्रवाहाने लपलेली भेग शोधणारं उपकरण) तपासा. मग खोली मोजा. समजा पत्रा १.६ मिमीचा आहे आणि ०.१६ मिमी गेला. उरला १.४४. ताण १.११ पट झाला. दर उड्डाणात ताण येतो-जातो आणि पत्र्यातली भेग वाढत जाते; ती धोकादायक होईपर्यंत होणाऱ्या फेऱ्या म्हणजे पत्र्याचं आयुष्य. भेग वाढण्याचा वेग ताणाच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या घाताने वाढतो (पॅरिस नावाच्या अभियंत्याचा नियम). चौथा घात धरला तर १.५२ पट, म्हणजे आयुष्य दोन-तृतीयांश. बहुतेक मुलं इथेच थांबतात.

पण धातू एकाच बाजूने गेलाय. पत्र्याची मधली रेषा ०.०८ मिमी सरकली, म्हणून ओढ लागली की पत्रा वाकतो. आधार नाही आणि वाकण्याला काहीच अटकाव नाही असं धरलं, तर वाकण्याचा ताण म्हणजे सहा गुणिले सरक भागिले जाडी, इथे वाढलेल्या ताणाच्या ३३ टक्के. दोन्ही मिळून ताण सुमारे १.४८ पट आणि आयुष्य पाचव्या हिश्श्यावर! प्रत्यक्षात पत्र्यामागच्या आडव्या-उभ्या पट्ट्या (स्ट्रिंजर, फ्रेम) आणि शेजारचा जाड पत्रा बराच भार उचलतात, त्यामुळे खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मधे असतं. कुठे, ते फायनाइट एलिमेंटने, म्हणजे पत्र्याचे बारीक तुकडे पाडून संगणकावर ताण काढण्याच्या पद्धतीने, काढा. घासलेल्या जागेचा उतारही हलका हवा. खोलीच्या २० पट लांबी हे बऱ्याच ठिकाणी वापरलं जाणारं प्रमाण. नेमका आकडा त्या विमानाच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या मते तरी. भिंगातून न दिसलेला खड्डा तळाशी राहिला असेल, तर त्याला तेवढ्याच खोलीची भेग समजून हिशोब सुरू करा. घात चार असताना आयुष्य सुरुवातीच्या भेगेच्या जवळपास व्यस्त प्रमाणात जातं. खड्डा ०.०५ ऐवजी ०.१ मिमीचा असेल तर आयुष्य निम्मं. म्हणूनच जाडीच्या गणितापेक्षा तपासणीवर मी जास्त वेळ घालवायला लावतो. अमेरिकी हवाई दलाच्या नियमांत तर रिव्हेटच्या भोकाशी १.२७ मिमीची भेग आहे असंच गृहीत धरून हिशोब सुरू होतो.

डब्लर, म्हणजे वरून बसवलेला जोडपत्रा, लावला तर काम आणखी अवघड. डब्लरच्या काठाच्या पहिल्या रिव्हेट ओळीवर सर्वांत जास्त भार येतो आणि भेग डब्लरखाली झाकली जाते. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छत उडालं, तेव्हा त्या विमानाच्या ८९ हजारांहून जास्त फेऱ्या झाल्या होत्या. पत्र्यावर पत्रा चढवलेल्या जोडातला चिकटा सुटला होता, गंज होता आणि एकाच ओळीत अनेक बारीक भेगा होत्या. अशा भेगा एकमेकींना मिळतात तेव्हा एकट्या भेगेचा हिशोब उपयोगाचा नसतो.

या साऱ्यातून जो आकडा हाती येतो, तो तपासणीचं अंतर ठरवण्यासाठी. भेग उपकरणाला दिसू लागल्यापासून धोकादायक होईपर्यंत जितक्या फेऱ्या, त्याला किमान दोनाने भागा, म्हणजे ती सापडायच्या दोन संधी मिळतात.

शेवटी नोंद. खोली, लांबी, जागा, उरलेली जाडी, सगळं लिहा. काही वर्षांनी त्याच जागी दुसरा कोणी पुन्हा घासेल, तेव्हा दोन्ही वेळची गेलेली जाडी एकत्र मोजावी लागते, आणि आधीची नोंद नसेल तर त्याला मूळ पत्रा किती होता हेच कळणार नाही.