मल्हार नाव ठेवताना

भाच्याचं नाव मल्हार ठेवायचंय? बारशाआधी आत्याने अर्थ पाठ करावा, कारण सगळे तिलाच विचारतात. मल्ल दैत्याचा अरि, म्हणजे शत्रू, तो मल्हारी; अर्थात खंडोबा. त्याचंच मल्हार. पावसाळ्यात गायच्या मल्हार रागाचा विषय कुणीतरी काढणारच, पण आम्हा इंदूरकरांना आधी मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) आठवतात.

हिंदी शेजाऱ्यांना ‘ल्हा’ जमेल का, ही चिंता सोडा. इंदूरच्या मल्हारगंज भागाचं नाव रोज घेतात की! पूर्वी मागे ‘राव’ लागायचाच, हल्ली नुसतं मल्हार चालतं, आणि बालवर्गात दुसराही मल्हार भेटू शकतो. म्हणून आडनावासकट मोठ्याने हाक मारून बघा. जन्मदाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग आधीच ठरवा. घरात ‘मल्ल्या’ होणारच, त्याला इलाज नाही.