हाँगकाँगमध्ये सिऊ मेई खाताना

सिऊ मेई म्हणजे कँटोनीज पद्धतीचं भाजलेलं मांस. अशा दुकानाच्या काचेमागे हुकांना टांगलेले भाजके हंस दिसले की मी आत शिरतेच. एकट्या माणसाला अनोळखी लोकांच्या टेबलावर बसवतात. संकोच करू नका, तिथली रीतच आहे. गरम चहा येतो, पुष्कळजण त्यात चॉपस्टिक्स विसळून घेतात.

पहिल्यांदा जाताय? दोन प्रकारचं मांस घातलेला भात मागवा. माझी जोडी ठरलेली: चा सिऊ, म्हणजे गोडसर मसाला लावून भाजलेलं डुकराचं मांस, आणि सिऊ युक, म्हणजे कुरकुरीत सालीसकट भाजलेलं डुकराचं मांस. चा सिऊ सांगताना ‘पुन फेय साउ’ म्हणा, म्हणजे अर्धी चरबी, अर्धं मांस. नुसतं मांस कोरडं लागतं. कडा किंचित करपलेल्या, वर माल्ट साखरेची चकाकी, आणि खाली रस मुरलेला भात! सिऊ युकची कुरकुरीत साल मात्र आधी खा, रसात मऊ पडते. आलं-पातीची चटणी असेल तर मागून घ्याच. पैसे बहुतेकदा निघताना गल्ल्यावर. सुटी रोकड जवळ ठेवा.