पॉइंट बदललेत? टायमिंगच्या खाचेला आधी व्हाइटनर लावा

जुन्या गाडीत नवीन पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्यातले, उघडझाप करणारे संपर्क) टाकले की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हललंच समजा, आणि इंजिनच्या क्रँक पुलीवरची ती बारीक खाच तेलाच्या काळ्या थरात काही केल्या दिसत नाही. इंजिन बंद असतानाच ती पुसून व्हाइटनरचा ठिपका द्या, टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मस्त चमकतो.

१. पॉइंटचा गॅप आधी, टायमिंग नंतर. उलटं केलं तर सगळं परत (मी केलंय).
२. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर डिस्ट्रिब्यूटरचा व्हॅक्यूमचा पाइप काढून बूच मारा.
३. लाइटची क्लिप एक नंबर प्लगच्या वायरीला लावा, डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट थोडाच ढिला करून बॉडी अगदी केसभर फिरवत ठिपका पुलीजवळच्या खुणांपैकी मॅन्युअलमधल्या डिग्रीच्या खुणेसमोर आणा. आवळल्यावर परत बघा, आवळताना हमखास सरकतं.

लाइटमध्ये फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो, हात आणि बाह्या लांब ठेवा.